ब्रेलनोट एपेक्सला फोनवरून इंटरनेट: जोडणी होते, पण पुढे?

सर, नमस्कार. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे बरेच जण असतात, म्हणून आधी तो इथे थोडक्यात मांडतो. तुम्ही सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवता. अमेरिकेतल्या भाच्याने तुम्हाला तिकडे वापरलेलं, ३२ सेलचं ब्रेलनोट एपेक्स आणून दिलं आहे. हा दृष्टिहीनांसाठीचा नोटटेकर, म्हणजे ब्रेलमध्ये लिहायचा-वाचायचा छोटा संगणक; ३२ सेल म्हणजे बोटांखाली एका वेळी येणारी ३२ ब्रेल अक्षरं. घरी ब्रॉडबँड नाही. तुमचा अँड्रॉइड फोन आहे, मुलीकडे आयफोन आहे. फोनचं इंटरनेट या यंत्राला मिळेल का, ब्लूटूथने घ्यायचं की वायफायने, आणि मिळालं तर जीमेल, वर्तमानपत्रं आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं थेट ब्रेलवर वाचता येतील का, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी असंही लिहिलं आहे की भाचा पुढच्या वेळी जुनं ब्रेलनोट टच किंवा ब्रेलसेन्स पोलारिस (अशीच, पण एपेक्सनंतरची यंत्रं) आणू का म्हणतोय.

इंटरनेट मिळेल, वायफायने मिळेल आणि सगळं नीट जुळलं तर दहा मिनिटांत मिळेल. पण मिळाल्यावर तुम्हाला हवी ती बहुतेक पानं उघडणार नाहीत. त्यात दोष फोनचा नाही, सिमकार्डाचा नाही आणि तुमचाही नाही. म्हणून आधी जोडणी सांगतो आणि मग त्या जोडणीचं काय करायचं ते सांगतो. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, तेवढा धीर धरा.

पहिली गोष्ट, यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी मार्गदर्शिकेतलं 'ब्लूटूथ फोनवरून डायल-अप' हे प्रकरण सोडून द्या. ते त्या काळी खरं होतं. नोकियाचे सिम्बियन फोन आणि त्यावर टॉक्स किंवा मोबाइल स्पीक हे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ते दिवस आठवत असतील: फोन आणि नोटटेकर ब्लूटूथने जोडायचे, नोटटेकरवर नवीन डायल-अप जोडणी बनवायची, फोन नंबर म्हणून *९९# टाकायचा, कंपनीचा एपीएन (तिच्या इंटरनेटच्या दाराचं नाव) मॉडेमच्या आज्ञेत घुसवायचा आणि जीपीआरएस लागलं की पत्रं उतरवून घ्यायची. त्यात फोन मॉडेमचं काम करत असे. ब्लूटूथच्या भाषेत त्या सोयीला डीयूएन म्हणत. आजचे अँड्रॉइड फोन आणि आयफोन ती सोय देतच नाहीत. ब्लूटूथवरून इंटरनेट वाटायचं तर ते पॅन नावाच्या वेगळ्या पद्धतीने वाटतात. त्यामुळे मार्गदर्शिकेप्रमाणे सगळं अचूक केलं, पेअरिंगही झालं, तरी डायल होणार नाही. अनेक जण इथेच अडकतात आणि यंत्र बिघडलंय असं समजतात.

आणखी एक गैरसमज याच्याच शेजारचा. ब्लूटूथने पेअर झालं म्हणजे इंटरनेट आलं, असं नसतं. पेअरिंग ही फक्त ओळख. ती झाल्यावर दोन उपकरणांनी एकमेकांशी कशासाठी बोलायचं हे वेगळं ठरतं: आवाजासाठी, फाइलसाठी, इंटरनेटसाठी की ब्रेल डिस्प्ले म्हणून. त्यातला शेवटचा उपयोग लक्षात ठेवा, तो खाली येणार आहे. काही ब्रेलसेन्स यंत्रांच्या ब्लूटूथ मॅनेजरमध्ये पॅनची सेवा दिसते. तिथे अँड्रॉइडचं ब्लूटूथ टिथरिंग (फोनचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देणं) वापरून पाहायला हरकत नाही. वेग कमी असतो, पण पत्रांना पुरतो आणि फोनची बॅटरीही कमी खातो. तुमच्या एपेक्ससाठी मात्र सरळ वायफाय हॉटस्पॉट धरा. यूएसबी टिथरिंगच्या नादी लागू नका. यूएसबी केबल दोन्हीकडे बसली म्हणून विंडोज सीईला (एपेक्सच्या आतल्या प्रणालीला) समोरचा फोन नेटवर्क म्हणून ओळखता येतो असं नाही.

आता फोन. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' किंवा 'कनेक्शन्स', त्यात 'हॉटस्पॉट अँड टिथरिंग', त्यात वायफाय हॉटस्पॉट. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतील. हॉटस्पॉट सुरू करायच्या आधी आतल्या तीन गोष्टी ठीक करा. एक म्हणजे बँड. हल्लीचे फोन कधी कधी ५ गिगाहर्ट्झवर प्रसारण करतात आणि एपेक्सचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं आहे. ५ वर लावलेला हॉटस्पॉट त्याला दिसणारच नाही, यादीत नावच येणार नाही. म्हणून बँड २.४ निवडा. काही फोनमध्ये बँडऐवजी 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' असं बटण असतं, ते चालू करा. दुसरी गोष्ट सुरक्षा. तिथे डब्ल्यूपीए३ असेल तर बदलून डब्ल्यूपीए२-पर्सनल करा. डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आलं आणि तुमचं यंत्र २०१०च्या सुमाराचं आहे. दोन्ही चालतील असं म्हणणारा मिश्र पर्याय असतो, त्यावरही जुनी यंत्रं कधी कधी गोंधळतात, म्हणून निखळ डब्ल्यूपीए२ बरं. आणि हो, सुरक्षा 'नन' करून ठेवायचा मोह टाळा. एसटी स्टँडवर कोणीतरी तुमचा दिवसाचा डेटा संपवून जाईल. तिसरी गोष्ट, 'कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद करा' हा पर्याय पहिल्या जोडणीपुरता बंद ठेवा. तुम्ही पासवर्ड सावकाश टाकत असताना हॉटस्पॉट गुपचूप मिटतो आणि मग पासवर्ड चुकला असं वाटत राहतं. फोनवर डेटा सेव्हर लावलेला असेल तर तोही काढा. तो चालू असताना अँड्रॉइड हॉटस्पॉट देत नाही.

यानंतर नाव आणि पासवर्ड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं आणि डोळस मदतनिसाला त्याचं कारण कळत नाही.

पासवर्डच्या रकान्यात यंत्र कॉम्प्युटर ब्रेलची अपेक्षा करतं. आपण भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) किंवा इंग्रजी साहित्यिक ब्रेलमध्ये अंक लिहिताना बिंदू ३-४-५-६ हे अंकचिन्ह देतो आणि मग एक ते शून्यासाठी ए ते जे ही अक्षरं काढतो. कॉम्प्युटर ब्रेलमध्ये अंकचिन्ह नाही. तिथे ३-४-५-६ म्हणजे हॅश (#). म्हणजे तुम्ही सवयीने १ लिहिलात तर यंत्राने घेतलं हॅश आणि पुढे ए. दोन अक्षरं, दोन्ही चुकीची. शिवाय रकान्यात तारे दिसतात, त्यामुळे वाचूनही कळत नाही. कॉम्प्युटर ब्रेलमध्ये अंक एक ओळ खाली उतरतात: १ म्हणजे फक्त बिंदू २, २ म्हणजे २-३, ३ म्हणजे २-५, ४ म्हणजे २-५-६, ५ म्हणजे २-६, ६ म्हणजे २-३-५, ७ म्हणजे २-३-५-६, ८ म्हणजे २-३-६, ९ म्हणजे ३-५ आणि ० म्हणजे ३-५-६. नेमेथ, म्हणजे ब्रेलमधली गणित लिहायची पद्धत, शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. टिंब ४-६, आडवी रेघ ३-६, खालची रेघ ४-५-६. मोठ्या लिपीतलं अक्षर हवं असेल तर त्याआधी वेगळी आज्ञा द्यावी लागते. साहित्यिक ब्रेलचं बिंदू ६ तिथे उपयोगाचं नाही.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. फोन तुमचा आहे, पासवर्ड तुम्हीच ठरवणार आहात. तो फक्त लहान लिपीतल्या रोमन अक्षरांचा ठेवा, ना अंक, ना चिन्ह, ना मोकळी जागा. डब्ल्यूपीए२ला किमान ८ अक्षरं लागतात, जास्तीत जास्त ६३ चालतात. दोन-तीन मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले की पंधरा-वीस अक्षरं सहज होतात. ते लक्षात राहतात आणि शेजाऱ्याला अंदाजही येत नाही. हॉटस्पॉटच्या नावाचंही तसंच करा, लहान लिपीतलं एक रोमन अक्षरसमूहाचं नाव. देवनागरीत नाव दिलं तर नवीन फोन ते कौतुकाने दाखवतील, पण विंडोज सीईच्या यादीत त्याचा कचरा होऊन दिसेल.

यंत्रावर आता ऑप्शन्स मेनूतून वायफाय चालू करा, उपलब्ध नेटवर्कची यादी मागवा, तुमचं नाव आलं की एंटर आणि मग पासवर्ड. कुठेही अडलात तर स्पेससह एच दाबा. किसॉफ्टची (यंत्रातल्या प्रोग्रॅमची) ती मदत त्या त्या जागेपुरती असते आणि चांगली आहे. इंग्रजीत आहे एवढंच. पहिल्या वेळी फोन आणि यंत्र एकाच टेबलावर ठेवा.

मुलीचा आयफोन वापरायचा असेल तर सेटिंग्ज, पर्सनल हॉटस्पॉट, 'अलाऊ अदर्स टू जॉइन' चालू. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर त्याच पानावर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' असतं, ते चालू केल्याशिवाय हॉटस्पॉट २.४वर येत नाही. जोडणी होईपर्यंत त्या पानावरून हलायचं नाही. आयफोन पडदा बंद झाला किंवा पान बदललं की थोड्याच वेळात आपलं नाव लपवतो. आणि एक बारीकशी पण हमखास त्रास देणारी बाब: आयफोनच्या हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव, आणि ते मूळचं 'अमुकचा आयफोन' असं इंग्रजीत असतं, त्यात वळलेलं अवतरणचिन्ह असतं. ते साधं टंकलेखनातलं चिन्ह नव्हे. जुनी यंत्रं त्यावर अडखळतात. 'जनरल', 'अबाउट', 'नेम' इथे जाऊन नाव साधं करून घ्या. मुलगी कुरकुरेल, पण एअरड्रॉपवर नवीन नाव दिसण्यापलीकडे तिचं काही बिघडत नाही.

जोडणी झाली का हे यंत्र सांगेल त्यापेक्षा फोनला विचारलेलं बरं. अँड्रॉइडच्या सूचनापट्टीत 'एक उपकरण जोडलं' अशा अर्थाची ओळ टॉकबॅक (अँड्रॉइडचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वाचतो. ती आली तर पासवर्ड बरोबर होता, तो विषय संपला. मग यंत्राच्या नेटवर्क माहितीत आयपी पत्ता पाहा. आयफोनकडून मिळालेला पत्ता १७२.२०.१० ने सुरू होतो. अँड्रॉइडकडून बहुतेक १९२.१६८ ने. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राने फोनकडे पत्ता मागितला आणि तो मिळाला नाही, म्हणून यंत्राने स्वतःच एक मनाचा लावून घेतला. अशा वेळी हॉटस्पॉट बंद करून चालू करा, यंत्रावर त्या नेटवर्कची जुनी नोंद पुसा, पुन्हा जोडा. कधी फोनचा मोबाइल डेटाच बंद असतो आणि आपण यंत्राला दोष देत बसतो, तेही बघून घ्या.

पत्ता ठीक आहे. आता यंत्राच्या ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे पान उघडा. हे पान मुद्दाम कुलूप न लावलेलं, साध्या एचटीटीपीवर चालणारं आहे. ते उघडलं, चार ओळी बोटांखाली आल्या, की तुमची जोडणी शंभर टक्के झालेली आहे. त्यानंतर जे पान उघडणार नाही, त्यासाठी हॉटस्पॉटशी खटपट करायची नाही.

आणि बहुतेक पानं उघडणार नाहीतच. एपेक्स विंडोज सीई ६ वर चालतं. ही प्रणाली २००६ मध्ये आली आणि २०१८च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. वेबपानाची सांकेतिक कुलपं टीएलएस नावाच्या पद्धतीने उघडतात. विंडोज सीई ६ ला त्यातली १.० ही आवृत्ती येते, जी १९९९ची आहे. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निकालात काढल्या गेल्या आणि त्याआधीच मोठ्या संकेतस्थळांनी त्यांना दार बंद केलं होतं. विकिपीडियाने २०२०च्या सुरुवातीपासून त्या स्वीकारणं थांबवलं. म्हणजे यंत्र दारापर्यंत जातं, दारावरचा नवीन खटका त्याला उघडता येत नाही. यावर एपेक्समध्ये बसवता येईल असं काही औषध नाही. कोणी 'सेटिंग बदलून देतो' म्हणत पैसे मागितले तर देऊ नका.

एकच गोष्ट तपासण्याजोगी आहे, ती म्हणजे तारीख. असं जुनं यंत्र बराच काळ पडून राहिलं आणि बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ कुठल्या तरी मागच्या वर्षात जातं. संकेतस्थळाचं प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे यंत्र आपल्या घड्याळाशी ताडून पाहतं. घड्याळ मागे असेल तर उरलीसुरली पानंही नकार देतात. वर्ष आणि महिना बरोबर आहे ना ते पाहा.

जीमेलचं थोडं वेगळं आहे. गुगलने ३० मे २०२२ पासून नेहमीच्या पासवर्डने जुन्या मेल प्रोग्रॅमना आत घेणं बंद केलं. खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली तर १६ अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' काढता येतो आणि तो मेल प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. सुदैवाने ती सोळाही अक्षरं लहान लिपीतलीच असतात, अंक नसतात, म्हणजे आपल्याला सोयीची. मधल्या मोकळ्या जागा सोडून द्यायच्या. आउटलुक डॉट कॉमने सप्टेंबर २०२४ मध्ये तसा पासवर्डने प्रवेश बंदच केला, तिथे प्रयत्न करू नका. पण सर, प्रामाणिकपणे सांगतो, आज मी कोणालाही एपेक्सवर मुख्य मेलखातं लावून देत नाही. ज्या यंत्राची सुरक्षा २०१८ नंतर कुणी सांभाळलेली नाही, त्यात तुमच्या बँकेची पत्रं येणाऱ्या खात्याची किल्ली ठेवण्यात शहाणपणा नाही. हौस म्हणून वेगळं खातं काढा आणि खेळून पाहा.

मग हे यंत्र बिनकामाचं आहे का? मुळीच नाही. ३२ सेलचा चांगल्या ब्रेलचा नोटटेकर आज नवीन घ्यायचा तर काही लाखांची गोष्ट आहे. त्याचा कीबोर्ड, त्याचं लेखन, फाइल कुठे सोडली होती ते लक्षात ठेवणं, हे सगळं आजही उत्तम चालतं. फक्त इंटरनेटचं काम फोनने करायचं आणि ब्रेलचं काम यंत्राने. हे वाटप दोन प्रकारे होतं आणि तुम्हाला दोन्ही लागतील.

पुस्तकांसाठी कार्ड. सुगम्य पुस्तकालय २०१६ मध्ये सुरू झालं, तुम्ही सभासद असालच. नसाल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर होता येतं. पुस्तक फोनवर उतरवा, टॉकबॅक त्या पानांवर नीट चालतो. फोनला यूएसबी-सी कार्ड रीडर लावा, फाइल्स अॅपमधून पुस्तक एसडी कार्डावर टाका, कार्ड एपेक्समध्ये घाला. बस. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचं घ्या. ६४ आणि पुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात, ती जुन्या यंत्रांना वाचता येत नाहीत. आणि दुकानदार '६४ला तेवढेच पैसे' म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा. ब्रेल पुस्तकाला जागा किती लागते? ४० सेल आणि २५ ओळींचं एक ब्रेल पान म्हणजे साधारण हजार अक्षरं, म्हणजे एक किलोबाइट. पाचशे ब्रेल पानांची कादंबरी अर्ध्या एमबीत बसते. तुमच्या फोनच्या एका दिवसाच्या डेटात आयुष्यभराचं वाचन येईल. ध्वनिपुस्तकं मात्र शेकडो एमबीची असतात, ती फोनवरच ऐका.

मराठीसाठी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुम्ही मराठीचे शिक्षक आहात आणि इथे निराशा व्हायची शक्यता आहे. एपेक्सला देवनागरी युनिकोड मजकूर दिला तर ते त्याचं भारती ब्रेल करून देणार नाही. वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा टेक्स्ट फाइल करून कार्डावर टाकलात तर बोटांखाली काहीही अर्थपूर्ण येणार नाही. ब्रेल आधीच करून दिलेली फाइल हवी, म्हणजे बीआरएफ. बीआरएफमध्ये भाषा नसते, फक्त कुठल्या सेलमध्ये कुठले बिंदू एवढंच असतं, त्यामुळे परदेशात बनलेलं यंत्रही भारती ब्रेल बिनचूक उठवतं. वाचणारे तुम्ही, अर्थ तुम्ही लावायचा. शाळेत संगणक असेल तर डक्सबरीमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या साओ माई ब्रेलमध्ये मराठी मजकूर टाकून बीआरएफ काढता येतं. रुपांतरानंतर जोडाक्षरं आणि अंक एकदा तपासा, पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात काना-वेलांट्यांची उलथापालथ झालेली असते आणि ती ब्रेलमध्ये तशीच उतरते. आणि एपेक्सवर ही फाइल उघडताना ती ब्रेल दस्तऐवज म्हणून उघडा. टेक्स्ट म्हणून उघडलीत तर यंत्र ती इंग्रजी समजून पुन्हा ब्रेल करायला जाईल. एक-दोन ओळी वाचून सगळं परकं वाटलं तर कारण बहुधा हेच.

मुलांच्या वह्यांचे गुण, पाठाची टिपणं, भाषणाचे मुद्दे असं उलट दिशेने न्यायचं असेल तर यंत्रावर लिहून कार्डावर जतन करा आणि फोनमधून पाठवा. इंग्रजीतलं टिपण टेक्स्ट म्हणून जतन केलं तर कोणीही वाचेल. मराठीतलं मात्र बीआरएफच जाईल, ते वाचणारा ब्रेल जाणणारा हवा किंवा पलीकडे उलट रुपांतर करणारा संगणक.

दुसरा प्रकार ब्रेल टर्मिनल. वर म्हटलं ना, ब्लूटूथचा शेवटचा उपयोग लक्षात ठेवा, तो हा. एपेक्समध्ये ब्रेल टर्मिनल नावाची सोय आहे. ती सुरू केली की यंत्र नोटटेकर राहत नाही, समोरच्या उपकरणाचा ब्रेल डिस्प्ले आणि कीबोर्ड होतं. आयफोनवर सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर (आयफोनचा टॉकबॅकसारखा प्रोग्रॅम), ब्रेल इथे गेलात की शोध सुरू होतो, यंत्राचं नाव येतं, पिन विचारला तर दोन्हीकडे तोच टाकायचा. त्यानंतर मेल, संदेश, बातम्या, जे आयफोनवर उघडतं ते सगळं तुमच्या ३२ सेलवर. कुलपं फोन उघडतो, टीएलएस त्याची डोकेदुखी. हॉटस्पॉट लागत नाही, फोनची बॅटरीही टिकते. भाषेप्रमाणे ब्रेलचं टेबल व्हॉइसओव्हरच्या ब्रेल सेटिंगमध्ये निवडावं लागतं. ते इंग्रजीवर राहिलं तर मराठी संदेश नीट उमटणार नाही. ब्लूटूथची ही जोडणी अंग मुरडते कधी कधी, तेव्हा यंत्रावर टर्मिनलमधून बाहेर पडून पुन्हा आत जायचं. दोन्हीकडची नोंद पुसून नव्याने पेअर करणं हा शेवटचा उपाय.

तुमच्या अँड्रॉइडवर हेच टॉकबॅक करतो. २०२२ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ब्रेल डिस्प्लेची सोय टॉकबॅकमध्येच आहे, वेगळं ब्रेलबॅक अॅप घ्यावं लागत नाही. पण कुठलीही डिस्प्ले चालत नाही, गुगलने दिलेल्या यादीतली चालते. तुमचं मॉडेल त्या यादीत आहे का ते आधी बघा, मगच संध्याकाळ खर्च करा. म्हणून सुरुवात मुलीच्या आयफोनपासून करा असं मी म्हणेन. तो जमला तर घरात पडलेला एखादा जुना आयफोन, सिमकार्ड न घालता, तुमच्याच अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवर लावून ब्रेलसाठी कायमचा ठेवता येतो. मी ज्यांना शिकवतो त्यांच्यातले कित्येक जण हाच मार्ग वापरतात.

आता भाच्याचा बेत. ब्रेलनोट टच २०१६चं आहे, आत अँड्रॉइड ४.४. पोलारिस २०१७चं, आत अँड्रॉइड ५.१. एपेक्सच्या मानाने दोन्ही आधुनिक वाटतील आणि हॉटस्पॉटला चटकन जोडतील. पण गुगलने २०२३च्या ऑगस्टपासून ४.४साठी प्ले सर्व्हिसेसचा पाठिंबा काढून घेतला आहे. शिवाय जगातल्या असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची मूळ ओळख अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या प्रणालींना ठाऊक नाही. जुन्या ओळखीच्या आधाराने काही वर्षं गाडं ढकललं गेलं, तेही २०२४ मध्ये थांबलं. त्यामुळे या दोन्ही यंत्रांवर कुठलं पान उघडेल आणि कुठलं 'असुरक्षित' म्हणून अडेल हे नशिबावर. फायरफॉक्ससारखा आपली ओळखयादी स्वतः बाळगणारा ब्राउझर असेल तर थोडं सुसह्य होतं. केवळ इंटरनेटसाठी म्हणून हे पैसे घालू नका. टच फुकटात मिळत असेल आणि सेल नीट उठत असतील तर जरूर आणा, लिहायला छान आहे. टचप्लस किंवा ब्रेलसेन्स ६ असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्यात अँड्रॉइड ८.१ आहे, दुसऱ्यात १० किंवा पुढचं. त्यांना वरची प्रमाणपत्रांची अडचण नाही. फक्त जोडल्या जोडल्या प्ले स्टोअरमध्ये जाऊन अॅप आपोआप अद्ययावत करणं बंद करा. ते यंत्र हॉटस्पॉटला साधं घरचं वायफाय समजलं तर सकाळचा दीड जीबी दुपारपर्यंत संपवेल.

आणि भाच्याला आणण्याआधी एवढंच विचारायला सांगा: यंत्र पूर्ण चार्ज करून बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी तारीख बरोबर दाखवतं का, आणि ब्रेलच्या ओळीवर सगळे आठ बिंदू उठवून पाहिले तर एकही बिंदू बसलेला नाही ना. बॅटरी बदलता येते. बसलेले सेल इथे दुरुस्त करून घेणं महाग आणि वेळखाऊ आहे.